चार किंवा खाली

३ जून, शनिवार

आज चाळीस मिनिटांत तीन जण मेले, आणि तिघेही माझ्याच नियमांनी. चौथी वाचली, कारण ती पुढे जायलाच नाही म्हणाली.

सावकाश लिहिते.

'पल्याड' हा आमचा खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसून बोलत खेळायचा. एक जण सूत्रधार. डोंगर, धुकं, लांडगे, दोरीचा पूल, सगळं तोच. बाकीचे एकेक पात्र घेऊन डोंगरापलीकडे निघतात. संकट आलं की सूत्रधार वीस बाजूंचा फासा टाकतो. पाच किंवा वर आला, वाचलात. चार किंवा खाली आला, गेलात. उपचार नाही, अपील नाही. खेळ डॉक्टरांनी रचला. डॉक्टर म्हणजे दाताचे, माझ्या धाकट्या भावाचे शाळेपासूनचे मित्र. चौदा वर्षं आम्ही खेळतोय आणि आता त्याचं पुस्तक होतंय. नियम कागदावर आणायचं काम माझं, कारण पाणीपुरवठा कार्यालयात बावीस वर्षं मी नियमच लिहिते. छापणाऱ्याला तीन जुलैला सगळं हवंय.

त्याआधी परीक्षा. पाच अनोळखी माणसं, हातात फक्त पुस्तक, आणि लेखिकेने कोपऱ्यात बसून तोंड मिटून बघायचं. जागा वाचनालयाचा वरचा हॉल. आमच्यासोबत खेळणारी ग्रंथपाल मैत्रीण तिथेच असते. बसचा एक कंडक्टर सूत्रधार झाला. खेळणाऱ्यांत दोन नर्स, एक शिक्षक, एक शिंपी.

अकराव्या मिनिटाला शिंपी ओढ्यात गेला. फासा तीन.

"म्हणजे मी मेलो?" शिंपी.

"पुस्तकात तसंच लिहिलंय," कंडक्टर म्हणाला. "पुढच्या दाराने उतरा."

"अहो, मी आत्ता तर नाव ठेवलं पात्राला."

पंचविसाव्या मिनिटाला शिक्षक, पस्तिसाव्याला एक नर्स. राहिलेली नर्स म्हणाली, "माझी पोरगी नाही जायची पुढे. ती घरी परत चालली." आणि पुस्तकभर शोधूनही तिला अडवणारा नियम कंडक्टरला सापडला नाही. मलाही. चाळिसाव्या मिनिटाला सगळे खाली चहाला गेले.

आमच्या टेबलावर चौदा वर्षांत एकच मरण झालंय. एक.

४ जून, रविवार

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "लोक नवीन आहेत, ताई." मग, "तुम्ही ते एक वाक्य लिहिलंय ना, सूत्रधाराने आलेला आकडा जसाच्या तसा सांगावा. त्यातलं 'जसाच्या तसा' काढलं तर?"

"मग काय, मीठमसाला लावून सांगायचा?"

ते खोकले आणि म्हणाले, "नाही, नाही. बरोबर आहे तुमचं."

चौदा वर्षं खोकतोय हा माणूस. दुसऱ्यांची तोंडं उघडून बघतो, स्वतःचा घसा कुणाला दाखवत नाही. खेळाच्या दिवशी त्यांच्या पडद्याशेजारी खोकल्याच्या गोळ्यांची डबी मीच ठेवते. पडदा म्हणजे एक्स-रेची जुनी पाकिटं चिकटवून केलेली पुठ्ठ्याची भिंत. तिच्यामागे डॉक्टर फासा टाकतात, म्हणजे आम्हाला पुढचे डोंगर आधी दिसू नयेत.

१० जून, शनिवार

दुसरी परीक्षा, दुसरे पाच जण. पुन्हा तीन मेले. एक बाई रडल्या. खोटं कशाला लिहू, रडल्या त्या रागाने. म्हणाल्या, "हा खेळ लिहिणाऱ्याने कधी खेळलाय का?"

मी कोपऱ्यात होते, तोंड मिटून. बावीस वर्षांत लोकांनी माझ्या नियमांना पुष्कळ नावं ठेवली, पण ती खिडकीपलीकडून; मध्ये काच असायची.

११ जून, रविवार

गणित केलं. एका डावात प्रत्येकावर साधारण चार संकटं. पाचांतला एक फासा घातक. म्हणजे चारही संकटांतून वाचण्याची शक्यता शंभरात एक्केचाळीस. लागोपाठ दोन डाव वाचण्याची सतरा. आम्ही वर्षाला वीस डाव खेळतो, चौदा वर्षं झाली. मग माझं पात्र, चिमटी नावाची वाटाडी, आजवर टिकण्याची शक्यता काढली. कॅल्क्युलेटरने शून्य दाखवलं.

कॅल्क्युलेटर जुना आहे.

शिवाय आमच्या तयारीची गोष्टच वेगळी. मी दोर दोनदा तपासते, वाऱ्याची दिशा विचारते. नवखे लोक पुलावर वरातीसारखे शिरतात. आम्ही चांगले खेळाडू आहोत, एवढाच याचा अर्थ. चांगलं खेळायचं कसं याचं एक प्रकरण घालावं का पुस्तकात?

ते एक मरण आज उगाच आठवत राहिलं. आठ वर्षांपूर्वी. त्या महिन्यात कार्यालयात मी पारदर्शकतेची नियमावली लिहीत होते, सगळा कारभार उघड्या खिडकीतून वगैरे. त्या शनिवारी मी डॉक्टरांना म्हटलं, आज पडदा नको, फासा सगळ्यांसमोर पडू दे. डॉक्टरांनी टाळाटाळ केली, मी ऐकलं नाही. आणि नेमका त्याच दिवशी भावाचा भोपळ्या पुलावर गेला. भोपळ्या म्हणजे त्याचा आचारी, पाठीवर पातेलं घेऊन हिंडणारा. फासा तीन.

भाऊ डॉक्टरांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, "ताई, एकदा नजर फिरव ना."

मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. लहानपणापासून रड्या आहेस."

त्याच्या पात्राच्या कागदावर मीच लिहिलं: मृत. तो कागद उचलून तो गेला, तो गेलाच. तेव्हा त्याचा फोटो स्टुडिओ नुकताच बंद पडला होता, म्हणून चिडचिड असेल. आठ वर्षांत आमचं बोलणं झालं ते लग्नकार्यात, आणि तेही 'जरा पंखा लाव' एवढंच. पुढच्या डावाला डॉक्टरांनी पडदा परत आणला. उघड्यावर हात थरथरतो म्हणाले. मी अपवाद म्हणून मंजूर केलं.

१७ जून, शनिवार

चक्रावले आहे.

आज पहिलीच पाच माणसं परत बोलावली. पुस्तक तेच, नियम तेच. फक्त सूत्रधार म्हणून डॉक्टर बसले, आणि कंडक्टर पाचवा खेळाडू झाला. एकही मेला नाही. शिंपी पुलावर एका हाताने लोंबकळला, फासा पाच आला आणि वाचला. नर्स धुक्यात वाट चुकली, फासा सहा. हॉलमध्ये नुसता जल्लोष. मागच्या वेळी घरी परत गेलेली नर्स या वेळी सगळ्यांच्या पुढे. जाताना शिंपी माझा हात धरून म्हणाला, "बाई, काय खेळ लिहिलाय."

तेच नियम. एक अक्षर बदललेलं नाही.

डॉक्टर चारदा खोकले. हॉलमध्ये धूळ फार आहे, ग्रंथपालबाईंना सांगायला हवं.

१९ जून, सोमवार

डॉक्टरांचा फासा मागून घेतला आणि आमच्या घड्याळजींकडे नेला. आता टेबलावर उरलेल्यांतले हे चौथे. घड्याळं दुरुस्त करतात आणि आमच्या खेळात लोहार होतात. म्हटलं, फासा एका बाजूला जड असेल, तोलून बघा.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, फासा मिठाच्या पाण्यात तरंगवला, बोटाने फिरवून फिरवून पाहिला. वीस मिनिटं गेली.

"फासा साफ आहे, ताई."

"मग?"

भिंग तसंच डोळ्याला ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. एवढा मोठा डोळा. "मी फक्त घड्याळं उघडतो," म्हणाले. "माणसं नाही उघडत."

घड्याळजींचं वय होत चाललंय.

उद्या डॉक्टरांकडे दाढ भरायला जायचंय. तिथेच विचारते.

२० जून, मंगळवार

डाव्या बाजूचं तोंड अजून बधिर आहे. उजव्या बाजूचंही असल्यासारखंच आहे.

खुर्चीत आडवी होते. वर दिवा, तोंडात कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी. विचारायचं होतं ते सगळं त्या बोळ्यांमागे अडकलेलं. डॉक्टरांनी सुई हाताआड धरली, मला दिसू नये अशी. मग खोकले. मग म्हणाले, "अजिबात दुखणार नाही."

दुखलं. कळ थेट कानापर्यंत गेली.

आणि त्या कळेत मला तो खोकला ऐकू आला. चौदा वर्षांचा. पडद्यामागून. खोकला, आणि मग 'सहा'. खोकला, आणि मग 'पाच, थोडक्यात वाचलीस चिमटे'.

मी त्यांच्याकडे बघितलं. बोलता येत नव्हतं. माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग असेल जेव्हा मला बोलायचं होतं आणि मी बोलले नाही. डॉक्टरांचा हात हवेत थांबला. माझ्या डोळ्यांत त्यांना काय दिसलं देव जाणे. त्यांनी सुई खाली ठेवली, तोंडावरचा मास्क उतरवला आणि स्टुलावर बसले.

"कळलं ना, ताई?"

मी मान हलवली. नळी खुळखुळ करत होती.

"पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले. "धाकटा तुम्हाला घेऊन आला तो दिवस. तुमचे यजमान जाऊन चार महिने झाले होते. तुम्ही कुणाशी धड बोलत नव्हता. त्याने मला दारातच गाठलं. म्हणाला, आज काहीही कर, पण माझ्या बहिणीसमोर कुणाला मारू नकोस. आणि तुमचा पहिलाच फासा तीन आला."

मास्क बोटांत फिरवला. "मी तेरा म्हणालो. तुम्ही हसलात. मग थांबायचं कुठे, ते मला कळलंच नाही."

मग दाढ भरली. जाताना त्यांनी कपाटातून दवाखान्याच्या जुन्या वह्या काढून पिशवीत भरून दिल्या. चौदा. "आकडे खरे लिहून ठेवायची सवय आहे," म्हणाले. "सांगताना बदलतो."

२१ जून, बुधवार

रजा टाकली. कारण: दाढ.

प्रत्येक पानावर तीन रकाने. नाव, आलेला आकडा, सांगितलेला आकडा. पहिल्या वहीची पहिली ओळ: ताई, ३, १३.

चिमटी दोनशे एकोणीस वेळा मेली आहे.

मी दोनदा मोजलं. ओढ्यात, पुलावर, लांडग्यांकडून, एकदा तर अळंबी खाऊन. दोर दोनदा तपासून मेली, वाऱ्याची दिशा विचारून मेली. गणिताप्रमाणे दोनशे चोवीसदा मरायला हवी होती. म्हणजे माझं चौदा वर्षांचं कौशल्य काढायचंच झालं तर पाच.

आणि बावीस वर्षं लोकांचे मीटर तपासणारी मी. चौदा वर्षांत एकदाही चार येऊ नये, हे मला खटकलं नाही. आकडा आपल्या बाजूचा असला की त्याला कोण तपासतं.

२२ जून, गुरुवार

वाचनालयात जाऊन ग्रंथपालबाईला सांगितलं. ती धक्क्याने बसेल म्हणून खुर्ची पुढे केली. ती उभीच राहिली.

"अगं, दुसऱ्या वर्षीच कळलं मला," पुस्तकांवर शिक्के मारत म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. घड्याळजी तर खोकले मोजत बसायचे."

"मला का नाही सांगितलं?"

तिने शिक्का खाली ठेवला. "तुला नियमांमुळे वाचलेलं आवडायचं गं. आम्ही डॉक्टरांमुळे वाचलेलो. तुझ्याएवढी मजा आम्हाला कधी आलीच नाही."

मी खुर्ची पुढे केली होती ना, तिच्यावर मीच बसले.

टेबलावर चार माणसं आणि एक सूत्रधार. आख्ख्या टेबलाला माहीत होतं. गोळ्यांची डबी मी नेऊन ठेवायचे, तेव्हा हे लोक एकमेकांकडे बघत असतील का? बघतच असतील. मी असते तर बघितलं असतं.

२३ जून, शुक्रवार

सहावी वही उघडायचं टाळत होते. आज उघडली.

त्या एका शनिवारच्या पानावर तिसरा रकाना कोरा आहे. साहजिक आहे, फासा सगळ्यांसमोर पडला होता. चिमटी, ११. लोहार, १६. ग्रंथपालबाईची वैदू, ९. धाकटा, ३. पुढे काही नाही. पेन टेकवून उचलल्याचा नुसता एक ठिपका.

पहिल्या वहीत माझा तीन. सहावीत त्याचा तीन. माझ्या तीनापुढे तेरा आहेत, आणि ते त्याने माझ्यासाठी मागून आणलेले आहेत. त्याच्या तीनापुढे ठिपका.

एकदा नजर फिरव ना, म्हणाला होता. मला वाटलं, लबाडी मागतोय. तो तीच मागत होता. फक्त मला कधीच मागावी लागली नव्हती, एवढाच फरक.

मी त्याला रड्या म्हटलं. सगळ्यांदेखत.

२५ जून, रविवार

फोन केला. आठ वर्षांनी बोट नंबरावर आपोआप गेलं.

"हॅलो."

"मी बोलतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "कोण गेलं?"

आमच्या नातेवाइकांत फोन आता त्यासाठीच होतात.

"भोपळ्या," मी म्हटलं.

मग, "मला माहितीये. मी तिथेच होतो."

मी सगळं एका दमात सांगितलं. वह्या, खोकला, दोनशे एकोणीस. मध्ये त्याने फक्त एकदा विचारलं, "दोनशे एकोणीस?" आणि त्याच्या आवाजात हसू आहे की काय असं वाटलं, पण मी ओळखायला चुकू शकते. अलीकडे माझं बरंच चुकलंय.

"शनिवारी ये," म्हटलं. "सूत्रधार मी आहे."

"तू?" म्हणाला. "मग मी विमा काढून येतो."

येतो म्हणाला की नाही, ते नीट कळलं नाही. वहिनीने मागून फोन ठेवायला लावला, जेवण थंड होतंय म्हणून.

२९ जून, गुरुवार

नियमाचं काय करायचं? 'सूत्रधाराने प्रसंगी खोटा आकडा सांगावा' असं तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. लिहिलं की तो नियम होतो आणि नियम झाला की लोक त्याचा हक्क मागायला येतात; पाणी खात्यात हे मी रोज बघते. वाचायचं असेल तर अर्ज करा, तीन प्रतींत. दुसरीकडे काहीच नाही लिहिलं, तर त्या शिंप्याने पुन्हा अकराव्या मिनिटाला ओढ्यात जायचं.

डॉक्टर म्हणाले, "चारचा दोन करा. कमी मरतील."

"म्हणजे तुम्ही निम्म्या वेळा खोकणार. गोष्ट तीच."

शेवटी दोन कामं केली. 'जसाच्या तसा' खोडलं. आणि छापणाऱ्याला सांगितलं, पुस्तकासोबत पुठ्ठ्याचा पडदा द्या. बाहेरून डोंगर. आतून तीन रकाने छापा: पहिल्यावर 'नाव', दुसऱ्यावर 'आकडा'.

"आणि तिसऱ्यावर काय लिहू?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"बाई, चूक समजतील लोक."

"ज्याला लागेल त्याला समजेल."

बावीस वर्षांत मी पहिल्यांदा एक रकाना मथळ्याशिवाय सोडला. रात्रभर झोप लागणार नाही असं वाटतंय.

१ जुलै, शनिवार

आला. पाच मिनिटं आधीच. केस पार पांढरे झालेत, मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नांमध्ये मी पंख्याकडे बघत होते बहुतेक.

टेबलाशी उभं राहून त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. भोपळ्याचा. घड्यांवर आतून फोटो स्टुडिओतली पारदर्शक पट्टी चिकटवलेली. वर माझं अक्षर: मृत. खाली तारीख आणि माझी सही. मी सही केली होती हे मी विसरले होते. आचारी मेल्याच्या दाखल्यावर सही.

"याचं काही करता येतं का बघ," म्हणाला. "तुझ्याच खात्याचं काम आहे."

मी 'मृत'वर रेघ मारली आणि बाजूला सही केली. दुरुस्ती सहीशिवाय ग्राह्य नसते. घड्याळजी म्हणाले, "चला, पातेलं आलं, आता जेवायला मिळेल." डॉक्टर पहिल्यांदाच पडद्याच्या अलीकडे बसले होते आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

पडद्यामागून जग वेगळंच दिसतं. माणसांची फक्त डोकी दिसतात आणि सगळी तुमच्याकडे बघत असतात.

ओढा सगळ्यांनी ओलांडला. आकडे चांगले आले, मी ते सांगितले. धुक्यातही निभावलं. मग दोरीचा पूल. मी मुद्दाम आणला नाही. वाटच तिकडून जाते.

"कोण आधी?" मी विचारलं.

"मीच," भाऊ म्हणाला. "पातेलं घट्ट बांधलंय. पहिल्या फळीवर पाय ठेवतो."

फासा टाकला. पडद्याच्या पायाला आपटून तो थांबला. दोन.

वहीत लिहिलं: धाकटा, २. खरा आकडा खरा लिहिला, ते मला जमतं. पेन तिसऱ्या रकान्यात टेकवलं. वर बघितलं. भाऊ माझ्याकडे बघतच नव्हता. खिडकीकडे तोंड करून बसला होता, अगदी ठरवून, नजर फिरवून.

माझा घसा खरोखरच कोरडा पडला होता. मी खोकले.

भावाने खिडकीवरची नजर न काढता हात लांबवला, गोळ्यांची डबी उचलली आणि पडद्याखालून माझ्याकडे सरकवली.